कापलेली कड

"अजून थोडं," जमील म्हणाला. "आरसा आत जाऊ द्या, रामकिशनभाऊ."

खुर्चीत रेललेल्या रामकिशननं डोळे मिटून घेतले आणि जबडा ताणला. गरम पाण्यातून काढलेला लांबट आरसा जमीलनं कापडानं पुसला, गालाच्या आत सरकवला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. भिंगाभोवतीचा गोल फ्लॅश दोनदा चमकला. डॉक्टर साक्षी इंगोले शेजारीच उभ्या होत्या. एरवी पेशंटच्या तोंडात हात असताना त्या सारख्या बोलत असत, लेकराबाळांची, शेतापाण्याची चौकशी करत असत. आज पाच मिनिटं झाली, त्यांनी एक शब्द काढला नव्हता.

रामकिशन आला होता तो पुढच्या दाताची टोपी सैल झाली म्हणून. दुखत काहीच नव्हतं. टोपी बघता बघता डॉक्टरांनी त्याचा डावा गाल बाजूला ओढला आणि तिथंच त्यांचा हात थांबला. आता ते जमीललाही कॅमेऱ्यातून दिसत होतं. ओठाच्या कोपऱ्यापासून मागं दाढांपर्यंत पसरलेली जाड पांढरी कातडी, मधोमध लाल चीर, चिरेच्या कडा वर उचललेल्या. साडेतीन वर्षांत त्यानं अशी तोंडं बरीच पाहिली होती. हे काय आहे ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि स्टूल ओढून त्या रामकिशनसमोर बसल्या. तिखट कधीपासून झोंबतंय, असं विचारल्यावर तो म्हणाला, उन्हाळ्यापासून, जरा जरा. कोणत्या उन्हाळ्यापासून, ते त्यानं सांगितलं नाही. त्यांनी फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला. नांदेडला जाऊन तुकडा काढून तपासावा लागेल, आठवड्याच्या आत जावं लागेल, हे सावकाश दोनदा समजावलं. रामकिशन पडद्याकडं बघत राहिला. मग त्यानं एवढंच विचारलं, की टोपी आज बसंल का.

डॉक्टरांनी टोपी बसवून दिली.

कळमनुरीच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, रामकिशन हळदीचा हर्रास पुकारायचा. बावीस वर्षं पुकारत होता. हळदीच्या ढिगाशी उभा राहून तो भाव असा चढवत न्यायचा, की नुसती ऐकायला म्हणून माणसं थांबायची. सव्वा वर्षापूर्वी हमालाचा पोती ओढायचा आकडा लागून त्याचा पुढचा दात अर्धा तुटला. फटीतून वारा जाऊन शब्द बोबडे पडू लागले, तेव्हा तो पहिल्यांदा या दवाखान्याची पायरी चढला. त्याला दात हवा होता तो आवाजासाठी. डाव्या गालात तंबाखूचा बार कायम असायचा. त्याशिवाय गळा चालत नाही, असं त्याचं म्हणणं.

जमीलचं म्हणाल, तर तो मूळचा या धंद्यातला नव्हेच. बसस्टँडजवळ त्याचा फोटो स्टुडिओ होता. सव्वीस वर्षं त्यानं कळमनुरीतल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या लग्नांचे, बारशांचे, परीक्षेच्या फॉर्मांचे फोटो काढले. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला आणि स्टुडिओत माशा बसू लागल्या. शटर ओढून तो चार महिने घरी बसला होता, तेव्हा धम्मानंद गुरुजी त्याला बोलवायला आले. त्यांची मुलगी डॉक्टर होऊन गावात आली होती आणि तिला दवाखान्यात फोटो काढणारा माणूस पाहिजे होता.

"चाचा, दहावीच्या फॉर्मचा माझा फोटो तुम्हीच काढला होता," साक्षी मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या. "इथं तेच काम. फक्त इथं कुणी हसत नाही."

त्यांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. तोंडात काय झालंय ते माणसाला स्वतःला कधीच दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीवर तो विश्वास ठेवत नाही. फोटो दाखवला की पटतं. सहा महिन्यांनी दुसरा काढला की वाढलं की घटलं ते कळतं. शंका आली तर नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांना पाठवता येतो. जमीलला काम आवडलं. ओठ ताणून धरायचे प्लास्टिकचे चिमटे कसे बसवायचे, वाफ धरू नये म्हणून आरसा गरम पाण्यात कसा ठेवायचा, फोटोआधी चूळ भरायला लावायची, हे तो महिन्याभरात शिकला. वरून स्टुडिओतला एक हात त्यानं इथंही चालवला. लग्नाच्या फोटोत कुणाचं कोपर, रिकामी खुर्ची, मधेच आलेलं कुत्रं, हे सगळं तो छापायच्या आधी कापून टाकायचा. दातांच्या फोटोंनाही तो तसाच कापून, सरळ करून, नेटका बनवून मॅडमच्या पडद्यावर ठेवायचा. एकदा नांदेडच्या एका डॉक्टरांनी फोनवर विचारलं होतं, इतके साफ फोटो काढतो कोण? मॅडमनी ते त्याला मुद्दाम बोलावून सांगितलं होतं. घरी त्यानं ते बायकोला, जाहेदाला, दोनदा सांगितलं.

त्या दुपारी दोनला दवाखाना बंद झाला. जमीलनं डबा उघडला नाही. कॉम्प्युटर लावून त्यानं रामकिशनची सव्वा वर्षापूर्वीची फाइल काढली. त्यात पुढचे सहा दात, वर गुलाबी हिरडी, मधे तुटलेला दात. बाकी काही नाही. सुबक फोटो. पण मूळ फोटो टाकून द्यायचे नाहीत ही त्याची निगेटिव्हच्या काळापासूनची सवय. ते त्यानं वेगळे ठेवलेले होते. त्यानं मूळ फोटो उघडला.

एका कडेला, ताणलेल्या ओठाच्या मागं, डाव्या गालाच्या आत ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग होता. जरासा अंधूक, पण होता. चुना म्हणावा तर चूळ भरायला त्यानंच लावलं होतं. त्यानं फोटो मोठा केला, परत लहान केला. डाग होता तिथंच होता. आणि जमीलनं तो आपल्या हातानं कापून टाकलेला होता.

रात्री जेवायला बसल्यावर त्यानं जाहेदाला सांगितलं. तिनं हळूच विचारलं, "और किसी को मालूम है क्या?" नाही म्हटल्यावर तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला पेशंट यायच्या आत त्यानं दोन्ही फोटो मॅडमसमोर ठेवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या. तो दिवस त्यांना आठवत होता. मंगळवारचा बाजार होता, बाहेर बाकडी भरलेली होती. दात बघितला, फोटो पडद्यावर बघितला आणि पुढच्याला आत घेतलं.

"कापला तुम्ही," त्या म्हणाल्या, "पण गाल ओढून बघायचं काम फोटोचं नव्हतं, चाचा. माझं होतं."

जमील म्हणाला, रामकिशनला सांगायला पाहिजे. त्यावर मॅडमनी मान हलवली. सांगायचं, मीच सांगणार, पण ऑपरेशन झाल्यावर. आत्ता सांगितलं तर तो बिथरेल आणि नांदेडला जायचाच नाही. आधी माणूस टेबलावर जाऊ दे.

ते खरं होतं, हे जमीलला कळत होतं. नांदेडहून तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सरच निघाला. ऑपरेशनला गुरुवारची तारीख मिळाली. जमील चार दिवस गप्प राहिला. पण त्याला झोप येईना. रविवारी सकाळी तो उठला आणि सरळ रामकिशनच्या घरी गेला.

रामकिशन ओसरीत बसला होता. शेजारी नांदेडला न्यायची पिशवी भरून ठेवलेली होती. त्याची बायको जिवनबाई चहा ठेवायला आत गेली. जमीलनं खिशातून मोबाईल काढून दोन्ही फोटो दाखवले आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. रामकिशननं मोबाईल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला.

"तवा दिसलं असतं तर?" त्यानं विचारलं.

"लहानसं कापून भागलं असतं. बहुतेक."

"आन् आता?"

रामकिशननं मोबाईल परत दिला. आतून चहाचा वास येत होता.

"तुमी काहून सांगितलं हे मला? सांगितलं नसतं तरी भागलं असतं की."

"भागलं नसतं, भाऊ."

"तुमचं भागलं नसतं," रामकिशन म्हणाला. "माझं भागलं असतं. मी गुरुवारी गेलो असतो."

जिवनबाई चहा घेऊन बाहेर आली, तेव्हा जमील पायरी उतरत होता. तिनं हाक मारली, पण तो थांबला नाही.

गुरुवारी रामकिशन गेला नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. नऊ दिवसांनी जिवनबाई दवाखान्यात आली आणि बाकड्यावर न बसता भिंतीशी उभी राहिली. औंढ्याच्या पुढं कुणी एक माणूस मुळीचा लेप देतो, तो लावून राहिलेत, तिनं सांगितलं. दवाखान्याचं नाव काढू देत न्हाईत. म्हणतेत, फोटो काढून बी ज्यायला दिसलं न्हाई ते कापून काय नीट करणार.

मॅडम दोनदा त्याच्या घरी गेल्या. एकदा धम्मानंद गुरुजीही बरोबर गेले. शाळेत रामकिशन त्यांच्या हाताखाली शिकलेला. त्यानं दोघांना खाट टाकून दिली, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि बघू म्हणाला. मॅडम या सगळ्यात जमीलला कधी एक वाकडा शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

मग जमीलनं एक काम हाती घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. रोज दुपारी दोन ते पाच दवाखाना बंद असायचा. त्या वेळेत तो कॉम्प्युटरवर बसून साडेतीन वर्षांचे मूळ फोटो एकेक करून उघडू लागला. नऊशेच्या वर माणसं होती. तो दातांकडं बघत नव्हता. गाल, जिभेची कड, ओठांचे कोपरे, म्हणजे त्यानं आजवर कापून टाकलेला भाग तेवढा बघत होता. पाच आठवडे लागले. अकरा नावं त्यानं कागदावर लिहिली. मॅडमनी अकराही फोटो तपासले, सात काढून टाकले. चार राहिले.

त्यांतले दोघं फोन केल्यावर आले. तिसरा फोन लावला, तर पोराच्या बायकोनं उचलला. तात्या का, ती म्हणाली, तात्या तर दिवाळीतच गेले, तोंडाचंच झालं होतं. तुमी कोण? जमीलनं दवाखान्याचं नाव सांगितलं. काही काम होतं का, तिनं विचारलं. काही नाही म्हणून त्यानं फोन ठेवला आणि कागदावरच्या त्या नावावर रेघ न मारता कागद तसाच घडी करून खिशात ठेवला.

चौथी होती सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याची कमलबाई. तिचा नंबर लागत नव्हता. दोन एसट्या बदलून जमील तिच्या गावी गेला. साठीची बाई अंगणात बसून बोटानं दातांना मिसरी लावत होती. तिनं त्याला ओळखलं नाही. दुखतं का, तर काहीच दुखत न्हाई. मग कशाला यायचं. जमीलनं मोबाईलवर तिच्याच तोंडाचा जुना, न कापलेला फोटो उघडून तिच्यापुढं धरला आणि तिच्या जिभेच्या कडेला असलेल्या पांढऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"हे माझं तोंड व्हय?" कमलबाईनं विचारलं. दवाखान्यात तिनं नुसते दात पाहिले होते, साठ वर्षांत आपलं तोंड असं आतून कधी पाहिलेलं नव्हतं. तिनं सुनेला बोलावून दाखवलं, शेजारणीला दाखवलं. मिसरीची डबी पदराआड केली. तिसऱ्या दिवशी ती मुलाला घेऊन कळमनुरीत हजर झाली. नांदेडला एवढासा तुकडा कापला, दहा टाके पडले आणि ती बरी झाली. मॅडमनी ते सांगितलं, तेव्हा जमीलनं अल्लाचे आभार मानले.

दुपारची ही कामं चालू असताना त्याचा रस्ता मोंढ्यावरून जायचा. पहिले पंधरा दिवस रामकिशनचा आवाज यायचा, जरा जड झालेला. पुढं दुसराच कुणी पुकारू लागला.

गुरुवार चुकल्याला सात आठवडे झाले, तेव्हा जिवनबाई पुन्हा आली. या वेळी ती सरळ जमीलकडं आली. तिनं पदराच्या गाठीतला मोबाईल काढून त्याला दिला. रामकिशन झोपलेला असताना तिनं त्याच्या गालाचा फोटो काढला होता. गाल बाहेरून फुगला होता, कातडी ताणून चकाकत होती, आणि एका ठिकाणी बारीक भोक पडून आतलं पाणी हनुवटीवर उतरलेलं होतं.

"मला समदे फोटो पायजेत," ती म्हणाली. "पयला, मंगचा, आन् हा. कागदावर काढून द्या. बोलून ऐकत न्हाईत ते. बघतील तर बघतील."

जमीलनं तिन्हींचे मोठे प्रिंट काढून दिले. एकाचीही कड कापली नाही. जिवनबाईनं ते पिशवीत घातले. पुढं काय झालं ते तिनंच नंतर मॅडमना सांगितलं. रामकिशन जेवायला बसला, म्हणजे ताकात कालवलेला भात बोटानं तोंडात ढकलू लागला, तेव्हा तिनं ते तीन फोटो त्याच्या ताटापुढं एका रांगेत मांडले आणि काही न बोलता चुलीशी जाऊन बसली. त्यानं ताट सरकवलं. बराच वेळ तो फोटो बघत होता. सकाळी तो स्वतःच पिशवी घेऊन दाराशी उभा राहिला.

नऊ तास ऑपरेशन चाललं. खालचा डावा जबडा काढावा लागला, जिभेचाही तुकडा गेला. छातीची कातडी काढून गालाला लावली. दोन महिन्यांआधी आला असतात तर एवढं काढावं लागलं नसतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. जिवनबाईनं हे मॅडमना सांगितलं ते कुणाला टोचावं म्हणून नव्हे. जे झालं ते ती सांगत होती. पलीकडं बेसिनपाशी जमील आरसे धूत होता. त्यानं नळ बंद केला नाही.

त्यानंतर शेकाचे, म्हणजे रेडिएशनचे, दिवस झाले. मोंढ्यात हळदीचा नवा हंगाम सुरू झाला. रामकिशनला घराबाहेर पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जमील दोनदा त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आला.

फाल्गुनातल्या एका सकाळी तो आला. डोक्याला बांधायची दस्ती त्यानं हनुवटीवरून गुंडाळली होती, वर फक्त डोळे दिसत होते. अंगावरचा शर्ट दुसऱ्या कुणाचा असावा इतका ढगळ. जिवनबाई बरोबर होती. शेक दिला की उरलेले दात किडतात, दर महिन्याला दाखवायला सांगितलंय नांदेडला, ती म्हणाली. तिनं हिंगोलीच्या दवाखान्याचं नाव काढलं होतं, तिथं गर्दी कमी असते म्हणून. त्यानं मान हलवून नाही म्हटलं होतं आणि या रस्त्याकडं बोट दाखवलं होतं.

जमीलनं मॅडमना आत नेऊन विनंती केली, की आज फोटो तुम्ही काढा. त्यांनी त्याच्याकडं बघितलं आणि हो म्हणाल्या. रामकिशन खुर्चीत बसला. मॅडमनी कॅमेरा उचलला, तसा त्यानं हात वर केला. मग तोच हात दाराशी उभ्या असलेल्या जमीलकडं वळवला. तोंडातून काहीतरी आवाज निघाला. कुणाला समजला नाही. जिवनबाईनं सांगितलं, "तुमीच काढा म्हणून राहिलेत."

जमील पुढं आला. रामकिशननं दस्तीची गाठ स्वतःच सोडली, दस्ती उलगडली, नीट चार घड्या करून मांडीवर ठेवली. डावी बाजू आत ओढली गेली होती. छातीवरची कातडी गालावर आलेली, तिच्यावर तुरळक केसही होते. तोंड बोटभर उघडत होतं. ओठ ताणायचा चिमटा जमीलनं दोनदा लावून बघितला, बसला नाही. लहान पोरांचा घेतला, तोही बसला नाही. लहानात लहान आरसाही दातांना अडला. जमीलनं चिमटा बाजूला ठेवला आणि मॅडमकडं वळून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

रामकिशननं उजव्या हाताची करंगळी ओठाच्या कोपऱ्यात अडकवली आणि ओढली. कातडी ताणली, डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानशिलाकडं वाहिलं. उरलेले दात दिसू लागले. डाव्या हातानं त्यानं खूण केली, घ्या.

जमीलनं कॅमेरा डोळ्याला लावला. पहिला फोटो हलला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. तो झालं म्हणेपर्यंत रामकिशननं करंगळी सोडली नाही.